भाजीचे वेड आणि हिशेबाची वही

आमच्या देवघराच्या फळीवर, पंचांगाच्या खाली, एक दोनशेपानी वही असते. दूध, किराणा, गॅस, विजेचे बिल, सगळे तिच्यात. सासूबाईंनी घराचा कारभार माझ्या हाती दिला तेव्हापासून अशा किती वह्या भरल्या याची मोजदाद नाही. पण हल्लीच्या वहीला दोन तोंडे आहेत. सरळ उघडली की घरखर्च. उलटी करून शेवटच्या पानापासून उघडली की दुसराच हिशेब. त्याच्या डोक्यावर मी लिहून ठेवले आहे, ‘ह्यांची भाजी’. डावीकडे खर्च, उजवीकडे जमा. आज तुम्हाला ती उलटी वही वाचून दाखवणार आहे.

नाद प्रत्येक घरात असतो. कोणाला भजनाचा, कोणाला बैलांचा, कोणाला पत्त्यांचा. भजनाच्या नादाचा माणूस रात्री उशिरा का होईना, घरी परततो. भाजीचा नाद लागलेला माणूस घर सोडून कुठे जात नाही आणि तरी हाकेला ओ देत नाही. तो वर गच्चीवर एखाद्या वेलापुढे उकिडवा बसलेला असतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही शेतकरी माणसे, एकराने वांगी लावतो; ड्रमातल्या भाजीचे कौतुक आम्हाला काय सांगता? खरे आहे. पण ज्याची शेती गेली आणि हाती ड्रम उरले, त्याची ही गोष्ट आहे. म्हणून जरा ऐका.

दारातले भात, दारातले खांब

आमचे गाव बाळकुम. ठाण्याहून भिवंडीला निघालात की कशेळीच्या पुलाच्या अलीकडे लागते. गाव म्हणायचे ते आता जुन्या सवयीने. १९८२ साली ठाण्याची महानगरपालिका झाली, आसपासची गावे तिच्यात आली, त्यात आम्हीही. मी १९८४ साली लग्न होऊन इथे आले तेव्हा ओटीवर उभे राहिले की भाताची खाचरे दिसत, आणि त्यांच्या पलीकडे खाडीचा वारा. आज त्याच ओटीवरून मेट्रोचे खांब आणि मान मोडेल इतक्या उंच इमारती दिसतात.

हे कंपनीत पाळीने कामाला जात आणि उरलेल्या वेळात शेत करीत. पावसाळ्यात भात. भात कापले की खाचरात जी ओल राहते तिच्यावर वाल टाकायचे. त्याला ना पाणी ना खत. थंडीत दव पडते तेवढ्यावर वाल यायचा. घराच्या मागे सासूबाईंची परसबाग होती. मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळ, कुंपणाला शेवगा, मांडवावर पावटा आणि शिराळी, वाफ्यात लाल माठ आणि मुळा. बाजारातून आम्ही कांदे-बटाटे तेवढे आणत असू.

शेवटचे भात आम्ही २००८ साली झोडले. मग थोडी जमीन रस्त्यात गेली, थोडी विकली. परसबागेवर घराचा वाढीव भाग आला. घर पक्के झाले, वर गच्ची झाली, मुलांची शिक्षणे झाली. तक्रार करण्यासारखे काही नव्हते, आणि ह्यांनी कधी केलीही नाही. निवृत्त झाल्यावर मात्र हे खाटेवर पडून छताकडे बघत राहू लागले. “काय झालं?” विचारले की म्हणायचे, “काही नाही.” बायकांना ठाऊक असते, घरातला पुरुष ‘काही नाही’ म्हणतो तेव्हा बरेच काही असते.

सुरुवात मेथीपासून

२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली. भाजीबाजार आज उघडा तर उद्या बंद. जूनमध्ये आमच्या बाळकुमलाच करोनाचे मोठे रुग्णालय उभे राहिले. रात्रंदिवस रुग्णवाहिकांचे भोंगे. घरातली माणसे घरात आणि घरात बोलायला विषय नाही. अशात एके दिवशी ह्यांनी माझ्या मिसळणाच्या डब्यातली मूठभर मेथी उचलली आणि तडा गेलेल्या घमेल्यात पेरली. मी मेथी गेली म्हणून चरफडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरून हाक आली, “अगं, वर ये! लवकर ये!” मला वाटले, चक्कर आली की काय. धावत गेले. हे घमेल्यापुढे बसलेले. मातीतून टाचणीच्या डोक्याएवढे हिरवे कोंब वर आले होते. कित्येक महिन्यांनी ह्यांच्या आवाजात असा जोर ऐकला. त्या दिवशी त्या हिरव्या कोंबांकडे मी कौतुकाने बघितले, हीच माझी चूक झाली.

घमेल्यानंतर रंगाचे रिकामे डबे आले. मग तेलाचे पत्र्याचे डबे. मग एका संध्याकाळी टेंपोतून चार मोठे ड्रम उतरले आणि मधोमध कापून त्यांचे आठ झाले. थोरला मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला, “बाबा, अर्ध्या ड्रमात ओली माती दीडशे किलोच्या वर भरते. आठ ड्रम म्हणजे सव्वा टन! स्लॅबने काय पाप केलंय?” तेव्हा कुठे ड्रम मधून हलवून कडेला, खालच्या भिंतींच्या रेषेत गेले. मातीत नारळाचा भुसा आणि पालापाचोळा मिसळून वजन हलके केले. पण वेड काही हलके झाले नाही.

वेडाची लक्षणे

पहिले लक्षण म्हणजे घरातला कचरा नाहीसा होतो. चहाचा चोथा, कांद्याची साले, अंड्याची टरफले, सगळे वर जाते. मासळी धुतलेले पाणी मिरचीला घालायचे, हे आमच्याकडे पूर्वापार आहे. पण कोलंबी सोलायला घेतली की हे तांब्या घेऊन शेजारी उभे राहू लागले. सूनबाईने एकदा केळ्याचे साल चुकून कचऱ्याच्या बादलीत टाकले, तर घरात दोन तास शोकसभा.

दुसरे लक्षण म्हणजे माणूस फुलांची लग्ने लावू लागतो. तुम्हाला ठाऊकच आहे, दुधी, भोपळा, कारले यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ आधीच असते. नर फुलाचा नुसता बारीक देठ. शेतात भुंगे, मधमाश्या, पाखरे हे काम करतात. आमच्या गच्चीवर त्यांची वर्दळ कमी. फूल मादी असले तरी परागावाचून मागचे फळ पिवळे पडून गळून जाते. मग हे नर फूल खुडायचे, पाकळ्या काढायचे आणि मादी फुलाला हलक्या हाताने लावायचे. इथवर ठीक. पण भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढले की मिटते. दुधीचे पांढरे फूल उमलते संध्याकाळी. म्हणजे ह्यांना पहाटेचाही मुहूर्त आणि गोरज मुहूर्तही!

या गोरज मुहूर्तापायी हे पुतण्याच्या हळदीतून मधेच उठून घरी आले. आगरी घरातली हळद! ती चुकवणे लग्न चुकवण्यापेक्षा वाईट. जाऊबाईंनी दुसऱ्या दिवशी विचारले, “भावोजींची तब्येत बरी नव्हती का?” मी काय सांगणार? “दुधीचं लग्न होतं” म्हणून?

तिसरे लक्षण म्हणजे रात्रीची गस्त. पावसाळ्यात आमच्याकडे गोगलगाई फार. मोठ्या, शंखाच्या. एका रात्रीत कोवळी रोपे सपाट करतात. कोणी सुचवले की संध्याकाळी ओले गोणपाट टाकून ठेवा, गोगलगाई त्याखाली गोळा होतात, मग वेचून मिठाच्या पाण्यात टाका. उपाय नामी आहे, तुम्हीही करून बघा. पण हे रात्री अकरा वाजता डोक्याला टॉवेल गुंडाळून, हातात बॅटरी घेऊन वाकून वाकून फिरत होते. समोरच्या इमारतीच्या पहारेकऱ्याने शिट्टी फुंकली. पाच मिनिटांत खाली दहा माणसे जमली, “गच्चीवर चोर!” चोराला बघून सगळे ओशाळले. चोर मात्र ओशाळला नाही. त्याने त्या दहा जणांना गोणपाटाची युक्ती समजावून सांगितली.

पडवळाचे तर विचारू नका. पडवळ सरळ वाढावे म्हणून टोकाला खडा बांधतात. ह्यांना मनाजोगा खडा सापडेना, म्हणून नातीच्या खेळण्यातली मोटार बांधली. दोन दिवस नात मोटार शोधत होती, आणि मोटार वाऱ्यावर झोके घेत होती.

दुधी आला, दार लावा

२०२१ च्या पावसाळ्यात दुधीच्या तीन वेलांना मिळून एकतीस दुधी लागले. पहिल्या दुधीचे कौतुक इतके की हे तो खुडूच देईनात. चौथ्या दुधीपर्यंत दुधी-कोलंबी, दुधीची भाजी, दुधीचे थालीपीठ, दुधीचा हलवा झाला. आठव्या दुधीला सूनबाई माहेरी जाऊन आली. बाराव्यापासून वाटप सुरू झाले.

हे पिशवीत दुधी घालून निघायचे. पहिल्या आठवड्यात लोक म्हणाले, “वा, घरचा दुधी!” दुसऱ्या आठवड्यात म्हणाले, “अहो, कशाला त्रास घेतलात?” तिसऱ्या आठवड्यात लोक दार उघडीनासे झाले. आतून दूरदर्शन संचाचा आवाज येतो, चपला बाहेर आहेत, आणि घरात कोणी नाही! एका घरातून तर लहान पोराने खिडकीतून सांगितले, “आई म्हणते, आई घरी नाही.”

नात मोबाइलवर वाचून असली माहिती पुरवत असते. ती म्हणाली, “आजी, अमेरिकेतही असंच आहे.” तिकडे झुकिनी नावाची काकडीसारखी भाजी अशीच अंगावर येते. म्हणून ८ ऑगस्टला शेजाऱ्याच्या ओसरीवर गुपचूप झुकिनी ठेवून पळून जाण्याचा दिवसच ठरवला आहे! तिनेच आणखी सांगितले की विल्यम अलेक्झांडर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने आपल्या बागेचा सगळा खर्च मांडला, तर घरचा एक टोमॅटो त्याला चौसष्ट डॉलरला पडला. त्या नावाचे त्याचे पुस्तकच २००६ साली निघाले. आणि फार पूर्वी डायोक्लेशियन नावाच्या रोमच्या बादशहाने ३०५ साली गादी सोडली. पुढे लोक त्याला परत बोलवायला गेले, तेव्हा त्याने म्हणे आपल्या हाताने लावलेल्या कोबीचे कौतुक सांगून त्यांची बोळवण केली. म्हणजे हा रोग जुना आहे आणि बादशहालाही होतो. एवढे ऐकून ह्यांची छाती फुगली. मी मनात म्हटले, त्या बादशहाच्या बायकोची वही कोणी जपून ठेवायला हवी होती.

आता वहीचे पान

जून २०२१ ते मे २०२२, हे आमचे पहिले पुरे वर्ष. खर्चाची बाजू अशी. ड्रम ३,२०० रुपये. माती टेंपोभाड्यासह ३,५००. शेणखत बारा पोती १,४४०. बांबू, सुतळी, जाळी १,९६०. बी ६१०. फवारणीचा हातपंप ४५०. एकूण ११,१६० रुपये.

जमा, त्या त्या दिवशीच्या बाजारभावाने. पालेभाजी बेचाळीस जुड्या ६३० रुपये. दुधी एकतीस, ७७५. काकडी चौदा किलो ४२०. वांगी नऊ किलो ३६०. मिरची तीन किलो १८०. टोमॅटो पाच किलो १५०. एकूण २,५१५ रुपये. तोटा ८,६४५.

हे म्हणाले, “ड्रम दहा वर्षं टिकतील, ते एका वर्षात कसे धरलेस?” ठीक आहे, मानले. पण पुढच्या पावसात स्वयंपाकघराचे छत ठिबकू लागले आणि गच्चीला पाझर न होण्याचे काम करून घ्यावे लागले. १८,४०० रुपये. तेही मी ह्यांच्याच पानावर लिहिले. त्यावर ह्यांचे उत्तर नव्हते.

पुढे २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला दीडशे-दोनशेच्या घरात गेला तेव्हा हे मिशीवर ताव देत वर गेले. पावसाने झाडे कुजली होती, एकूण नऊ टोमॅटो हाती लागले. ते ताटलीत मांडून पाहुण्यांना दाखवले. पण त्याच वर्षी उन्हाळ्यात नाशिककडे भाव पडले म्हणून शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला होता, हेही ह्यांनीच आठवण करून दिले. तुम्हा टोमॅटोवाल्यांना मी काय सांगावे? एक मात्र खरे. नऊ टोमॅटोंसाठी किती राबावे लागते ते कळल्यापासून हे भाजीवालीशी घासाघीस करीत नाहीत. येऊरच्या डोंगरातून पावसाळ्यात आदिवासी बायका शेवळे, कंटोली, टाकळा घेऊन येतात. ती सांगेल तो भाव हे देतात आणि वर मलाच बजावतात, “एक शब्द बोलू नकोस.” हाही तोटा वहीत धरावा की काय, असे एकदा वाटले होते.

सासूबाईंचे वाल

आता वहीत न बसलेली गोष्ट सांगते.

सासूबाईंकडे वालाचे बी होते. त्यांच्या सासूपासून चालत आलेले. दाणा लहान, किंचित तांबूस, पण बिरड्याला चव अशी की बाजारचा वाल त्यापुढे पेंढा. वाळलेल्या दुधीचा भोपळा कोरून त्यात राख मिसळून ते बी ठेवायचे, आणि भोपळा चुलीवरच्या वाशाला टांगायचा. घर नवे झाले, चूल गेली, वासा गेला. भोपळा तेवढा सासूबाईंनी आपल्या खाटेखाली ठेवला होता. शेत नव्हते, तरी भोपळा होता.

मेथी उगवली त्या वर्षी, २०२० च्या कार्तिकात, सासूबाईंनी भोपळा बाहेर काढला आणि ह्यांच्या हाती दिला. काही बोलल्या नाहीत. ह्यांनी वीस दाणे मोजून पेरले. आठ दिवस, दहा दिवस, पंधरा दिवस. एकही उगवला नाही. ह्यांनी आणखी तीस पेरले. तेही गेले. बी बारा वर्षांचे झाले होते. बी डब्यात असले तरी जिवंत असते, आत हळूहळू खर्च होत असते. वालासारखे कडधान्य फार तर तीन-चार वर्षे चांगले उगवते, आणि आमची खाडीकाठची दमट हवा तर त्याची वैरीणच. सासूबाई म्हणाल्या, “मेलं ते. राहू दे.” आणि भोपळा परत खाटेखाली सरकवला. त्या रात्री हे जेवले नाहीत. दुधी, टोमॅटो, गोगलगाई या सगळ्यांवर मी हसत आले. पण त्या रात्री मला हसू आले नाही.

बाजारातून वाल आणून लावता आला असता. तो वाल झाला असता, सासूबाईंचा वाल झाला नसता.

आता पुढचे ऐका. २०२१ चे ते एकतीस दुधी. बाळकुमातली सगळी दारे बंद झाल्यावर हे चार दुधी पिशवीत घालून कशेळीचा पूल ओलांडून काल्हेरला गेले, माझ्या मावससासूंकडे. म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. काल्हेरला आता जिकडे तिकडे गोदामे. पण त्यांच्या घरामागे, गोदामाच्या भिंतीला लागून, चार-पाच गुंठे शिल्लक आहेत. भात कापून झाले होते आणि सूनबाई खाचरात वाल टाकत होती. ह्यांनी सहज ओंजळीत घेऊन बघितले. दाणा लहान, किंचित तांबूस.

“मावशी, हे बी कुठलं?”

मावशी म्हणाल्या, “कुठलं म्हणजे? तुझ्या आईनंच दिलेलं. मी लग्न होऊन आले त्या साली दिलं होतं. तेव्हापासून दरसाल टाकतो.”

सासूबाई ते देणे विसरून गेल्या होत्या. साठ वर्षे होऊन गेली त्याला.

दुधीच्या पिशवीतून शेरभर वाल घरी आला. त्या वर्षी दोन ड्रम वालाला दिले. फाल्गुनात शेंगा वाळल्या. अर्धा किलोही भरला नाही. त्यातला मूठभर भिजवून, मोड आणून, सासूबाईंनी स्वतः सोलला. हात थरथरत होते, पण दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. बिरडे सगळ्यांच्या वाटीला दोन-दोन चमचे आले. सासूबाईंनी पहिला घास खाऊन ह्यांच्याकडे बघितले आणि म्हणाल्या, “तोच हाय.”

२०२३ च्या श्रावणात सासूबाई गेल्या. भोपळा आता ह्यांच्या खाटेखाली आहे. पण त्यात आम्ही एक वर्षाहून जुने बी ठेवीत नाही.

तेव्हा मला कळले ते एवढेच. जे बी सासूबाईंनी भोपळ्यात राखले ते मेले. जे दुसऱ्याच्या ओंजळीत घातले ते जगले. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० सालचा पद्मश्री जाहीर झाला. वालाचे, घेवड्याचे, कितीतरी भाज्यांचे गावठी बी त्यांनी गोळा केले, पिकवले आणि शेतकऱ्यांना दिले. कपाटात कुलूप लावून बी राखता येत नाही, ते दरसाल मातीत जावे लागते आणि चार घरांत असावे लागते. एका घरचे उंदराने खाल्ले तर दुसऱ्या घरचे असते. आम्ही हसत होतो त्या दुधीच्या वाटपाकडे. पण तसेच कोणीतरी साठ वर्षांपूर्वी वाल वाटला होता म्हणून आमच्या वाटीत बिरडे आले.

करणारच असाल तर

ज्यांच्या दारात चार हात जागा आहे त्यांनी हे वेड जरूर लावून घ्यावे. शेतात एकच पीक असलेल्या घरांना तर विशेष सांगते, कारण सोयाबीन आणि ऊस पिकवणाऱ्या घरातली बाईही हल्ली कोथिंबीर विकत आणते. मोरीचे पाणी वाया जाते तिथे अळू आणि केळ लावा. मेथी आणि लाल माठ महिन्याभरात हाती येतात, सुरुवात त्यांनी करा म्हणजे धीर येतो. कोथिंबिरीचे धणे पेरण्याआधी हलके रगडून दोन फाका करा. मिरची-वांग्याचे रोप आधी तयार करून मग लावा. मावा-तुडतुड्यांना निंबोळीचा अर्क, लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळी कुटून रात्रभर भिजवून गाळलेला, पुरतो. गच्चीवर करणार असाल तर आधी गच्ची बघून घ्या. १८,४०० रुपयांचा अनुभव आम्ही घेतला आहे, तुम्ही घेऊ नका.

आणि बी धरायचे तर गावठी वाणाचे धरा. संकरित वाणाचे बी धरले तर पुढच्या पिढीत तेच फळ येईल याचा भरवसा नसतो. सर्वांत चांगले फळ खाऊ नका, ते वेलावरच पिकू द्या. जुने बी असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. सात-आठ उगवले तर बी चांगले. दोन-तीनच उगवले तर वाट बघू नका, याच हंगामात सगळे पेरून टाका. आणि पहिल्या पिकातले मूठभर बी दुसऱ्याच्या घरी पोहोचवा. माहेरी द्या, नणंदेला द्या. ती विसरली तरी चालेल.

वहीचे म्हणाल तर गेल्या वर्षीही तोटाच आहे. थोडा कमी झाला आहे. वालाची ओळ मी जमेच्या बाजूला लिहिली आहे, पुढे रकमेची जागा मोकळी ठेवली आहे. ह्यांनी विचारले, “इथे आकडा का नाही?” मी म्हटले, “बाजारात भाव कळला की लिहीन.”

असो. लेख इथेच थांबवते. आज जाऊबाईंच्या धाकट्याची हळद आहे, आणि या वेळी ह्यांना मी सक्त ताकीद देऊन पाठवले आहे, की शेवटपर्यंत बसायचे, मधे उठायचे नाही. उन्हे उतरली आहेत. गच्चीवर दुधीची चार फुले आज उमलणार आहेत, त्यातली दोन मादी आहेत. हे मला कसे ठाऊक, ते विचारू नका. मी सकाळपासून तीनदा बघून आले आहे.